आत जाण्याआधीची हाक

लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी वरच्याला हाक द्यायची, हा अण्णांनी आयुष्यभर पाळलेला नियम. खालचा ओरडणार, "आत चाललो!" वरचा स्विचवरचा हात काढून घेणार आणि मग उत्तर देणार, "ऐकलं, जा!" उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. एकदा दुसऱ्या जोडीतला एक जण घाईघाईत हाक न देताच उतरला आणि वरून लिफ्ट खाली आली. त्याला बाहेर काढायला अण्णाही होते. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

अण्णांच्या जोडीत खाली उतरायचा तो जाड्या. नावालाच जाड्या, अंगानं काडी. म्हणून तर खड्डा त्याच्या वाट्याला. दोघांचे केस पिकले, पण जोडी काही बदलली नाही.

मग त्यांची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी जुन्या सगळ्यांची नव्यानं मुलाखत घ्यायचं ठरवलं. हातात पाना घेऊन वय काढलेल्या माणसांचं धाबं दणाणलं. अण्णांची लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं त्यांची शिकवणीच घेतली.

"बाबा, हल्ली काहीही विचारतात. तू प्राणी असतास तर कोणता?"

"बैल. तुझ्या आईला विचार."

"नीट सांग ना! बरं, सुपरपॉवर मिळाली तर कोणती घेशील?"

"ती काय असते?"

"जादूची शक्ती रे. तू सांग, एकाच वेळी दोन ठिकाणी असता यावं. साहेब लोकांना आवडतं असलं."

"आधी एका ठिकाणी तरी वेळेवर पोचा म्हणावं," आतून बायकोचा आवाज आला.

मुलाखतीच्या काचेच्या खोलीत तिघं बसली होती, लेकीपेक्षा जेमतेम मोठी.

"तुम्ही यंत्राचा एखादा भाग असता तर कोणता?"

हे लेकीनं शिकवलं नव्हतं. "ब्रेक," अण्णा म्हणाले. "नीट चालतोय तोवर कुणाला त्याची आठवण होत नाही."

एकानं काहीतरी टिपून घेतलं. मग मधल्या मॅडमनी सुपरपॉवरचं विचारलं. अण्णांच्या जिवात जीव आला. पाठ केलेलं त्यांनी घडाघडा म्हणून टाकलं.

"वा!" मॅडम खूश झाल्या. "आमची नवी पद्धत अगदी हीच आहे. एका लिफ्टला एक माणूस. वर-खाली दोन्हीकडे तोच बघणार."

"तसं नव्हे मॅडम. वर माणूस लागतोच. खालच्याला उत्तर कोण देणार?"

"सेन्सर देईल की." त्या हसल्या. "तुमच्या जोडीतला एकच ठेवायचा होता. तुमचं नक्की समजा. तुमच्या जोडीदारालाही बोलावतो आम्ही, पण ते नुसतं नावाला. बाहेर मात्र काही बोलू नका हं, नाहीतर तुमचाही पुन्हा विचार करावा लागेल."

अण्णांच्या जिभेवर शब्द आले होते. पण लेकीचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते "थँक्यू" म्हणाले आणि उठले.

बाहेर जाड्या जावयाचा शर्ट घालून बसला होता. बाह्या हातावरून खाली आल्या होत्या.

"काय रे अण्णा, चेहरा का पडलाय? खाल्लं का तुला?"

"नाही."

"मग सांग की, काय विचारतात?"

"एखादी जादू मागायची असते."

"तू काय मागितलंस?"

"एकाच वेळी दोन ठिकाणी असता यावं, असं."

जाड्या खो खो हसला. "हात्तिच्या! ते तर आपण दोघं मिळून रोज करतो! मी पण हेच ठोकतो बघ."

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. त्यानं कॉलर सारखी केली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि सवयीनं मागे वळून म्हणाला, "आत चाललो!"

आणि थांबला. उत्तर आल्याशिवाय तो आत जाणार नव्हता. काचेपलीकडून मॅडम बाहेरच बघत होत्या.

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "जा."