एकशे अकराची पाटी

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात अंधश्रद्धेचा आमच्या साळेबुवांइतका, म्हणजे माझ्या बायकोच्या भावाइतका, कट्टर वैरी सापडणार नाही. अड्याळच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात. ग्रहण लागलं की मुद्दाम अंगणात बसून जेवतात, दुकानाच्या दारावर टांगलेलं लिंबू सोडवून तर्रीपोह्यांवर पिळतात. "भाऊजी, डोकं कायले देलं आपल्याले?" हा त्यांचा मला नेहमीचा सवाल. पण क्रिकेटच्या सामन्यात एकशे अकरा धावा झाल्या, की ते डोकं कुठं जातं देव जाणे! एकशे अकरा म्हणजे बेल्स उडालेले तीन उघडे स्टंप, म्हणजे गडी गेलाच. उतारा एकच: आकडा हलेपर्यंत एक पाय जमिनीवरून उचलायचा. टीव्हीसमोर पाहुण्यालाही सुटका नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता त्यांची बायको कडाडली, "मी का बगळा आहो का जी?" पाय मात्र तिचाही वरच होता.

गावच्या मैदानावरचा फलकही साळेबुवांच्याच ताब्यात. खिळ्यांना आकड्यांच्या टिनाच्या पाट्या अडकवायच्या, आणि एकाच्या पाट्या यांनी मुद्दाम दोनच करून घेतलेल्या. एकशे दहानंतर हे सरळ एकशे बारा लावायचे आणि पुढच्या धावेला गप्प बसायचे. कोणी भांडलंच तर, "तुमच्या भल्यासाठीच करून राहिलो ना बाप्पा!"

एका वर्षी यांची पोर अड्याळच्या मुलींची कप्तान झाली. अंतिम सामना दिघोरीशी, जिंकेल ती टीम नागपूरला खेळायला जाणार. आदल्या सांजेला पोरीनं बापाला समोर बसवलं. "बाबा, उद्या खरा आकडा लावजा. मले बोर्ड पाहूनच खेळा लागते." यांनी वचन दिलं, आणि पेंटरकडून एकाची तिसरी पाटीसुद्धा करून आणली. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

दिघोरीच्या झाल्या एकशे बारा. आमच्या एकशे दहा, चेंडू उरले दोन. जोडीदारणीनं एक धाव काढून पोरीला समोर आणलं. एकशे अकरा! साळेबुवांनी तिसरी पाटी उचलली, पोरीकडं पाहिलं, आणि ती खाली ठेवून दोनाची अडकवली. पाय तर केव्हाच वर गेला होता. पोरीनं फलक पाहिला, आणि बापाच्या वचनावर विसंबून तोच आकडा खरा धरला. तिच्या हिशेबानं आता जिंकायला एकच धाव हवी. तिनं चेंडू पार धानाच्या बांधाकडं धाडला, एक धाव पळाली आणि बॅट उंचावून नाचायला लागली. दोन काय, तीन निघाल्या असत्या! "अवं पोरी, अजून एक पळ!" मी बोंबललो, पण डफड्यांच्या गोंगाटात कोण ऐकतं? पंचांनी बरोबरी सांगितली, आणि कमी गडी गमावले म्हणून कप दिघोरीला गेला.

"बाबा, तुमी हो म्हणले होते ना?" पोर एवढंच बोलली.

मी पडलो फटकळ. पुढं एकदा म्हणालोच, "घ्या, तुमचा आकडा खरा ठरला."

"आकड्यानं काय केलं जी, भाऊजी? मीच केलं."

आता ते एकशे अकरा झाले की एकशे अकराच लावतात, दोन्ही पाय जमिनीवर रोवून. पोर अजून खेळते, झकास खेळते. पण फलकाकडं ती ढुंकूनही पाहत नाही, धावा पंचांना विचारते. एकदा तरी पाहा गं पोरी, बाप खरं लावून राहिला आहे.