मावशीचं विमान

विमानांचे ब्रेक तपासणारा तो मेकॅनिक कामाला वाघ होता. पण त्या सकाळी साहेबांच्या घाईपुढे त्यानं कच खाल्ली आणि झिजलेला ब्रेक 'चालेल' म्हणून सोडून दिला. तेवढ्यात मावशीचा फोन आला. ती त्याच विमानाची वाट बघत विमानतळावर बसली होती.

"मावशी, तू नको जाऊस. ब्रेकचं काही खरं नाही."

"अरे, इथं शेजारी तान्हं बाळ घेऊन एक पोर बसलीय. तिला आत्ताच म्हटलं, माझा भाचा बघतो विमानं, घाबरू नकोस. आता तिला काय सांगू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन त्यानं विमान थांबवलं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. तो ब्रेक बदलत असताना मावशीनं विमानतळाच्या काचेआडून हात हलवला. त्याला मान वर करवेना.