हंगामाच्या सणातला लिलाव

लासलगावकडचा तो माणूस मला एकदाच भेटला, नाशिकला आमच्या चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला. उपासनेनंतर देवाला वाहिलेल्या भोपळ्यांचा, कोंबड्यांचा, कांद्यांचा लिलाव तो पुकारत होता. आवाज थेट मार्केट यार्डातला. मी हेरलेला भोपळा चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांनी चढी बोली लावून पळवला, म्हणून मी धुमसत होतो.

तेवढ्यात पाळकबाबांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका तरुणाला पुढे आणून विचारलं, "या नव्या भावाला विश्वासात वाढवायला दर रविवारी सोबत कोण घेईल?" सगळे चपला शोधू लागले.

लिलाववाला गरजला, "बोला, किती रविवार?"

"एक!" सेक्रेटरी म्हणाले.

"दोन!" मी म्हणालो.

"चार!"

"वर्षभर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एक वार, दोन वार, तीन वार!" नवा भाऊसुद्धा हसत होता.

मी घाबरून लिलाववाल्याला गाठलं. "अहो, मी फक्त नाताळाला आणि या लिलावाला चर्चला येणारा. मी याला काय शिकवणार?"

घाम पुसत तो म्हणाला, "काय बी शिकवायचं नाय. तोच दर रविवारी तुम्हाला न्यायला येईल, तुम्ही फक्त आंघोळ करून बसा."

त्या वर्षी माझा एकही रविवार चुकला नाही. लिलावात विकला गेलो होतो तो मी, हे कळायला मात्र नाताळ उजाडावा लागला.