मलमलीखालचं वाळवण

सत्तरच्या दशकात आर्वीतल्या आमच्या घरी बायकांचे आतले कपडे न्हाणीत, दाराआडच्या दोरीवर वाळत, तेही परकराखाली झाकून. पुरुषांची बनियनं अंगणात, रस्त्याच्या बाजूला. यावर कधी कुणी चर्चा केल्याचं मला आठवत नाही.

वैशाखात लग्न होऊन आलेल्या वहिनीनं नागपूरहून लेस लावलेल्या नायलॉनच्या बॉड्या आणल्या. त्या धुण्याची तिची पद्धत ठरलेली होती. रिठ्याचं कोमट पाणी, हलका हात, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं. आईची पद्धतही ठरलेली होती. तिच्याकडे सगळ्या कपड्यांना एकच लाकडी मोगरी होती. पहिल्याच आठवड्यात एका बॉडीचे हूक चपटे झाले.

"आत्याबाई, याला आपटायचं नसतं."

"आपटाचं नाई, पिळाचं नाई," आई म्हणाली. "मंग धुतलं कसं म्हनाव त्याले?"

वहिनी आपले कपडे स्वतः धुऊ लागली. वाळवायची जागा मात्र तीच राहिली. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येऊ लागला आणि पट्ट्यांखाली वहिनीला पुरळ उठलं. हिवाळा सरला तरी ते हटेना. रात्री झोप नाही, दिवसा ब्लाउज सहन होत नाही. लेडी डॉक्टरनी मलम दिलं आणि बजावलं, की कपड्यांना रोज कडक ऊन दाखवा, नाहीतर मलम फुकट जाईल.

घरात ऊन दोनच ठिकाणी होतं. अंगण रस्त्यावरून दिसे. गच्चीवर बाबांची ये-जा असे. बाबा बस डेपोत कंट्रोलर होते. गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जाई.

"यायच्या नजरेस पडलं तं 'हे काय होय वं' म्हनून इचारतीन," आई म्हणाली, "आन् सारी गल्ली ऐकीन."

फाल्गुन लागला होता, कुरडयांचे दिवस होते. आईनं गच्चीवर दोन बाजा टाकल्या. दोन्हींवर ऊन आरपार जाईल अशी विरळ मलमल पसरली. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या बाजेवर खऱ्या कुरडया होत्या, मागच्या बाजेवर वहिनीचे कपडे. बाबांना अर्धवट वाळलेल्या कुरडया फार आवडत. दरवर्षी ते त्या चोरून खात आणि दरवर्षी आई त्यावरून भांडे. यंदा त्यांना पहिल्याच बाजेवर थोपवायचं होतं.

बेत जमला. बाबा रोज वर जात आणि तोंड हलवत खाली येत. आई यंदा भांडत नसे. वहिनीचं पुरळ सुकू लागलं.

एका दुपारी आम्ही तिघी शेजारी शेवया करायला गेलो होतो. अचानक आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. वहिनी पिठाच्या हातांनी पळाली. तिच्यामागे आई, आईच्या मागे मी.

ओसरीवर बाबा खुर्चीत बसले होते. कपडे ओलेचिंब, केसांतून पाणी गळत होतं. मांडीवर चार गाठी मारलेलं मलमलीचं गाठोडं होतं आणि त्यावर त्यांचा डेपोतला रेनकोट पांघरलेला. गाठोडं कोरडं होतं. बाबा समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"घ्या, सूनबाई," ते म्हणाले. त्यांना इतकं हळू बोलता येतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वहिनी गाठोडं घेऊन आत गेली. आईनं जिन्याकडे पाहिलं.

"आन् कुरडया?"

"दोनच हात हायेत मले."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"कुरडयाची बाज माह्या वाटेत, आन् तू भांडून नाई राह्यली," बाबा म्हणाले. "तवाच समजलो, मांगच्या बाजेकडे पाहाचं नाई."

कुरडयांचा लगदा आईनं गाईला घातला.

चैत्र संपेपर्यंत वहिनीचं पुरळ गेलं. तिची बाज मलमलीसकट गच्चीवरच राहिली आणि बाबा वर जाण्याआधी जिन्याखाली थांबून खाकरू लागले. आईनं कुरडया पुन्हा घातल्या. त्यांची बाज मात्र तिनं शेजारणीच्या गच्चीवर टाकली.