मेणातला तुकडा

माह्या सासूबाई जयवंताबाई. घरात काय चाल्लं ते त्याइले सगळ्यात आदी माहीत पाहिजे, अन् त्याइच्या पोटात काय हाय ते देवालेबी कळाले नोको! चार महिने घास अडकून राह्यला, तरी भाकर वरणात कुस्करून गिळली. विचारलं तं म्हणे, "दात दुखते." माय वं, दातानं कोणी अर्धं होते काय?

शेवटी मंचेरियलच्या दवाखान्यात गळ्यात नळी टाकून पाह्यलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. गळ्यातून काढलेला तुकडा मेणात बसवून, डबीत घालून दवाखान्यानं आमच्याच हाती देला. तो सोमवारी हैदराबादले पोचवाचा होता. तिथल्या डॉक्टरनं फोनवर मले समजावलं, का अंगातल्या पेशीची वेळ भरली का तिले मराले लावणारी प्रथिनं असतात. कॅन्सरच्या पेशी त्याइले दाबून ठेवतात अन् मरतच नाईत. तुकड्यात ती प्रथिनं किती हायेत, त्यावरून आजार कसा पुढं सरकते त्याचा अंदाज येते. तुकडा पाह्यल्याशिवाय ऑपरेशनची तारीख नाई. पुन्हा तुकडा काढाचा तं नळी आता आत जात नव्हती.

अन् निघाच्या सकाळी डबी गायब!

माह्या नवऱ्यानं, सुरेंद्रनं, कपाट उलटं केलं. मी पिठाचे डबे उपसले. रेल्वे अकराची, आमच्या वांकिडीहून स्टेशनाची मोटर नऊची. अन् ह्या बाई निवांत ज्वारी निवडून राह्यल्या. तेवढ्यात त्याइच्या नखातली ओली माती दिसली.

"आत्याबाई, कुठं पुरली?"

"माह्याच अंगाचं मांस हाय. नाळ नाई काय पुरत आपण?"

"नाळ लेकराची पुरतात! काऊन असं केलं? मराचं हाय काय तुमाले?" मी वरडलीच. सासू हाय, हे भानच राह्यलं नाई.

त्या उठल्या. मले वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बोरीखाली घेऊन गेल्या.

"सुरेंद्रच्या आदी एक पोट्टी झालती. अकराव्या दिशी गेली. लहान लेकरू, म्हणून इथं पुरली. मले तं तुमी जाळसान, राख नदीत सोडसान. तिच्यापाशी माह्यं काय राह्यन?"

पंधरा वर्षं मी या घरात हाव. कोणी एका शब्दानं सांगतलं नव्हतं. माह्या रागाचं पाणी झालं.

"नाव काय होतं तिचं?"

"दुसऱ्या दिशी बारसं होतं."

मी त्याइचा हात धरला. म्हणलं, "आत्याबाई, ते लोक पातळ पापुद्रे काढतात, बाकीचा तुकडा मांगतला तं वापस देतात. मी सोता आणीन. इथंच ठेवू. पण आता जाऊ द्या." त्याइनं बोरीच्या बुडाशी बोट दाखवलं. मोटरीचा भोंगा वाजला. मी धुऱ्यावर पडलेलं खुरपं घाईघाईनं मातीत घातलं, तं त्याइनं माह्यं मनगट पकडलं.

"खुरपं नोको वं, हातानं उकर. तिले लागन."