मॉरीनचा सण आणि माझी गुढी

मी सांगलीहून निघाले त्या दिवशी आईने बॅगेत साखरेची गाठी कोंबली. पाडव्याला अजून सहा महिने होते. बाबा रिक्षात बसून हाका मारत होते, आणि आई गाठीभोवती माझा टॉवेल गुंडाळत बसली होती. "तिकडं मिळायची नाही गं. आणि सण चुकवू नकोस, परक्या मुलखात सणच माणसाला धरून ठेवतात," असं म्हणून तिने हातावर दही ठेवलं. मी रडत रडत दही खाल्लं. बॉस्टनला बॅग उघडली तेव्हा टॉवेलभर साखर झाली होती. तीच मी आणि नवऱ्याने दोन आठवडे चहात घातली.

आता आम्ही बॉस्टनपासून तासाभरावरच्या श्रूजबरीला राहतो. शेजारीपाजारी आपली माणसं भरपूर, इंडियन स्टोअर दहा मिनिटांवर. तुम्ही तिकडे राहिलेले विचारता, "मग काय कमी आहे गं तुला?" कमी काही नाही. मला फक्त मार्च महिन्यात जळायला होतं. माझ्यासारखे जे इकडे आलेत ते मनातल्या मनात हो म्हणतील, तोंडाने कुणी बोलायचं नाही.

मार्चमध्ये येतो सेंट पॅट्रिक्स डे. आयरिश लोकांचा सण, पण थाट असा की जणू साऱ्या गावाच्या घरचं लग्न. दुकानं हिरवी, केक हिरवे, शेजारच्या वूस्टर शहरात परेड, रस्ताभर बँड आणि ड्रम. माझी सई आठ वर्षांची. शाळेत त्यांनी शूबॉक्सचे सापळे केले, लेप्रिकॉन पकडायला. लेप्रिकॉन म्हणजे सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा त्यांच्या गोष्टीतला बुटका. हिरवं घातलं नाही तर पोरं चिमटे काढतात, म्हणून ही बया डोक्यापासून मोज्यांपर्यंत हिरवी होऊन गेली.

आणि आमचा पाडवा? आमच्या पाडव्याला सुट्टी नाही, म्हणून तो शनिवारी ढकलायचा. मराठी मंडळाला शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने मिळाला तर पाडवा, नाहीतर कॅन्सल. तिथी बिचारी मंगळवारी येऊन एकटीच परत जाते. मी चिडले की नवरा म्हणतो, "अगं, त्यांचा सण एंजॉय कर ना यार, कशाला उगाच तुलना?" याला काय जातंय बोलायला! सई परेडमध्ये अनोळखी माणसांचे हात धरून नाचत होती, आणि आमच्या पाडव्याला तिला कपडे घालायला तीन वेळा ओरडावं लागतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. माझी पोर कुणाच्या सणाची होणार, एवढाच माझा प्रश्न होता.

यंदा पाडवा त्यांच्या सणानंतर दोनच दिवसांनी आला. मी हट्टाला पेटले. शनिवार गेला उडत! दरवर्षी किचनच्या खिडकीत लाजत उभी राहणारी गुढी मी थेट समोरच्या पोर्चवर उभारली. मॉपच्या दांड्याला आईची हिरवी रेशमी साडी, कडुनिंबाची अर्धी सुकलेली डहाळी, गाठी आणि वर पालथा तांब्या. म्हटलं, दिसू दे की जरा आमचंही.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवत मॉरीन आली. समोरच्या घरातली, सत्तरीची, आजीपासून इथे असलेली आयरिश. थबकली, हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "किती सुंदर! अजून पॅट्रिक्स चालू आहे तुमच्याकडे? आणि वर सोन्याचा हंडाही!"

मी तोंड उघडायच्या आत सई म्हणाली, "थँक यू! वुई मेड इट!"

असं लागलं म्हणून सांगू, पोरीने ही गुढी आहे हेसुद्धा सांगितलं नाही. मग मी बोलत सुटले. हा तुमचा हंडा नाही, ही गुढी आहे, आमचं नवीन वर्ष आहे. शेवटी राहवलं नाही, बोलूनच टाकलं, "तुमचं बरं आहे. तुमच्यासाठी अख्खं गाव हिरवं होतं. मला फार हेवा वाटतो तुमचा."

मॉरीन रागावली नाही. पायरीवर टेकली. म्हणाली, हा सगळा थाट इथला आहे, हनी. ज्याच्या नावाने हा सण तो पॅट्रिक मुळात आयरिशसुद्धा नव्हता. ब्रिटनमधून त्याला पोरवयात आयर्लंडला पळवून नेलं, गुलाम करून मेंढ्या राखायला लावलं. तो निसटला, आणि पुढे आपणहून त्याच लोकांत परत गेला. तिच्या आजीच्या गावी या दिवशी चर्चला जायचं, कोटाला शॅमरॉकची तीन पानांची डहाळी खोचायची आणि घरी यायचं, बस. परेडबिरेड इथे आलेल्यांनी वाढवली, कारण इथे त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. सणाला खातात ते खारवलेलं कॉर्न्ड बीफसुद्धा तिकडचं नाही. तिकडे डुकराचं मांस, इथे गोमांस स्वस्त पडलं म्हणून ते.

खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. म्हणजे यांचंही आमच्यासारखंच, मिळेल त्याच्यावर भागवलेलं!

एवढ्यात सई माझ्या कानाशी आली. मॉरीनला कळू नये म्हणून मराठीत, भराभर: "आई, हिला पण कडुनिंब द्यायचा का गं? पण गूळ जास्त घाल हं, म्हातारी आहे ना बिचारी."

मॉरीन म्हणाली, "काय म्हणाली ती?" मी 'म्हातारी' गाळून सांगितलं. मग ती म्हणाली, "माझी आजी तिच्या आयरिश भाषेत फक्त प्रार्थना म्हणायची, तीही दार लावून. पोरांना शिकवली नाही. इथे त्रास होईल म्हणायची. आम्हाला परेड मिळाली, पण तिचं एक वाक्य मला येत नाही. हेवा तर मला वाटतोय."

मी दिलेली कडुनिंबाची कडू गोळी तिने तोंड वाकडं न करता खाल्ली आणि कुत्र्याला घेऊन गेली. मी जिंकले असं मला मुळीच वाटलं नाही. मनात आलं, गुढ्या उभ्या राहतील, कदाचित एखाद्या दिवशी परेडही निघेल, आणि त्या गर्दीत सईची नात कुणालातरी सांगेल, माझ्या पणजीची काहीतरी भाषा होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सई दुधाचा बाउल ढकलत म्हणाली, "आय ॲम डन." मी म्हटलं, मराठीत सांग. ती बूट शोधायला लागली. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने डोळे फिरवले आणि खेकसली, "झालं ना माझं! किती कटकट करतेस गं आई!"

'कटकट'. हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. माझ्याच तोंडून, माझ्याच चिडचिडीतून तिने तो उचलला होता. सांगली आता फोनमध्ये आहे आणि श्रूजबरीचं घर कर्जापायी बँकेकडे. माझं घर म्हणजे सध्या हा एक शब्द, आणि तो मी हरवू देणार नाही.