आलं-हळदच तर आहे!

बाबांच्या दंडावर पहिला निळा डाग दिसला तेव्हा मला वाटलं, दाराची कडी लागली असेल. आठवड्याने दुसरा दिसला, मग मनगटाजवळ तिसरा. सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी पाणी. बाबा म्हणाले, "ब्रश कडक आसा." मी मऊ ब्रश आणला. मूर्खासारखी!

बाबांच्या हृदयाची झडप बदलून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवते. भांडुपच्या आमच्या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कशालाच नाही. म्हणूनच रक्ताच्या नेहमीच्या तपासणीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी लगेच बोलावलं, तेव्हा मी चक्रावले. रक्त नको तितकं पातळ झालं होतं.

"गोळी चुकून दोनदा घेतली का?"

नाही.

"दुसरं काही? काढा, चूर्ण?"

"काय एक नाय," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, हे मला घरी आल्यावर कळलं. सकाळी बागेत न्यायच्या त्यांच्या कापडी पिशवीत एक बाटली निघाली. आत केशरी कॅप्सूल. लेबलवर आल्याचा कंद, हळदीचं पान आणि मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक'.

"बाबा, हे काय?"

"ता काय औषाद आसा? आला-हळदच ती. गुडघ्यासाठी."

बाटली दिली होती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. निवृत्त शिक्षिका, बागेतल्या योगवर्गाच्या पुढारी; तिथे येणाऱ्यांना त्या अशा बाटल्या द्यायच्या. बाबा दिवसाला चार कॅप्सूल घेत होते, महिनाभर.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आधी त्या बंद करा. अशा अर्काने गोळीचा परिणाम वाढू शकतो. जेवणातलं आलं चालेल, हे नको."

मी गॅस बंद केला आणि तशीच जिना चढले. त्या दिवशी ओल्या हळदीचं लोणचं घालत होते, बोटं पिवळीधमक.

काकूंनी हसून दार उघडलं. "अगं, टेन्शन काय घेतेस? आलं चहात टाकत नाहीस तू?"

"टाकते. पण चहात ठेचलेला तुकडा आणि ही कॅप्सूल एकच का? एका कॅप्सूलमध्ये किती हळदीचा अर्क आहे, माहीत आहे तुम्हाला?"

माहीत नव्हतं. बाटलीवरही लिहिलेलं नव्हतं.

"बाबा रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, हे तरी माहीत होतं ना?"

"हो, म्हणून तर दिलं. हळूहळू ती गोळी सुटली असती."

"सुटली असती तर झडपेवर गुठळी झाली असती, काकू! माणूस गेला असता!"

माझा आवाज खालपर्यंत गेला असणार, कारण दारं उघडली. काकू तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पिढीला आपल्याच गोष्टींची लाज वाटते."

मला? लाज? पाय मुरगळला की आंबेहळद उगाळून लेप लावणारी मी. हळदीच्या पानांतले पातोळे करायचे म्हणून गॅलरीत कुंडीत हळद लावणारी मी. सर्दी झाली की आई सहाणेवर सुंठ उगाळायची, दोन-चार वेढे झाले की "पुरे" म्हणायची. जळजळ होणाऱ्याला ती आल्याचा चहाही देत नसे. कोणाला, किती, कधी, हे तिच्या हाताला माहीत होतं. ते सगळं सोडून नुसतं कंदाचं चित्र छापायचं, आणि विचारणाऱ्यालाच परंपरा शिकवायची?

एवढं सगळं मी तिथे बोलू शकले नाही. "बाबांना पुन्हा काही देऊ नका," एवढंच म्हणून उतरले.

डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवली, मग डोस नव्याने ठरवला, पुन्हा तपासणी झाली. हिरड्यांचं रक्त थांबलं, डाग पिवळट होऊन गेले. बिल्डिंगच्या ग्रुपवर मी लिहिलं, ज्यांची कुठलीही गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल घेऊ नयेत. उत्तरादाखल हात जोडलेले चार इमोजी आले आणि एक ताई म्हणाली, "सकाळी सकाळी निगेटिव्ह कशाला यार?"

बाबा मात्र माझ्यावरच रागावले. "तिका एवढा बोलाक नको होता. रोज सकाळी तोंड दाखवूचा आसा."

तोंड दाखवायची लाज त्यांना वाटली, काकूंना नाही. त्या अजून बागेतल्या बाकावर बाटल्या मांडून बसतात. बाबांनी बाग सोडली. आता ते रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर एकटेच फेऱ्या मारतात, आणि मी खिडकीतून बघत राहते. माझा राग अजून गेलेला नाही.